तिचा नंबर बंद होऊ नये म्हणून

माझी बायको गेल्यावर तिचा फोन मी अडीच वर्षं चालू ठेवला होता. दर तीन महिन्यांनी रहिमतपूरला जाऊन त्यात रिचार्ज मारून आणायचो. दुकानदार नंबर विचारायचा. माझा स्वतःचा नंबर सांगताना मी आजही मधेच अडखळतो, पण तिचा धडाधड सांगायचो. हा नंबर कुणाचा, कशाला लागतो, असं त्यानं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं कोण जाणे. त्या नंबरावर माणसांचे फोन येत नव्हते. कंपन्यांचे मेसेज यायचे आणि बँकेचे यायचे, कारण आम्हा दोघांच्या खात्याला तिचाच नंबर जोडलेला होता.

त्याचं असं झालं. फौजेत वीस वर्षं काढून मी हवालदार म्हणून घरी आलो आणि वर्षभरात रहिमतपुरातल्या एका बँकेच्या शाखेत बंदूकधारी पहारेकरी म्हणून लागलो. ड्यूटीवर फोन जवळ ठेवायचा नाही, असा तिथला नियम होता. सकाळी आलं की फोन कपाटात टाकायचा, तो जेवणाच्या सुट्टीत बाहेर काढायचा. म्हणून खात्याच्या अर्जावर मी तिचा नंबर लिहिला. खात्यात माझी पेन्शन जमा व्हायची आणि दर दहा दिवसांनी डेअरीचं दुधाचं बिल. म्हशी तिच्या, त्यामुळे ते बिलही तिचंच. बँकेचा मेसेज आला की ती दुपारी मला सांगायची, "आलं बरं का बिल."

सांगायची म्हणजे व्हॉइस मेसेजवर. तिला लिहिता येत होतं, पण फोनवरची ती बारकी अक्षरं शोधायचा कंटाळा. आमची मुलगी लग्न होऊन सांगलीला गेली, तेव्हा जाताना तिनं आईला एवढं एकच शिकवलं: हे बटण दाबून धरायचं, बोलायचं आणि सोडायचं. दाबून धरायचं तिला लगेच जमलं. सोडायचं मात्र ती विसरायची. त्यामुळे तिचा निरोप संपला तरी मेसेज चालूच असायचा. "आवं, ऐकताय न्हवं? येताना पेंडीचं पोतं सांगून या," एवढं झालं की पुढे भांड्यांचा आवाज, कुणाला तरी "हाड हाड", मग शेजारणीशी बोलणं, मग एकदम, "आगं बया, हे अजून चालूच हाय!"

शाखेच्या मागे चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर बसून डबा खात मी ते सगळं ऐकायचो. निरोप दोन वाक्यांचा आणि त्यापुढचं चार मिनिटांचं घर. टपरीवाला हसायचा. मी शेवटपर्यंत ऐकायचो.

मला त्याचं इतकं अप्रूप का होतं, ते फौजेत राहिलेल्या माणसाला कळेल. लग्न झालं तेव्हा मी रजेवर आलेला शिपाई होतो. चाळीस दिवसांत परत गेलो. त्यानंतरची वीस वर्षं ती आष्ट्याहून आलेली मुलगी माझ्या आईवडलांच्या घरात राहिली आणि मी कुठे कुठे. तिचं पत्र यायला पंधरा दिवस लागायचे. पत्रात म्हैस व्याल्याचं असायचं आणि मी ते वाचेपर्यंत इकडे चीक खाऊन संपलेला असायचा. अक्षर तिचं असायचं, पण आवाज नाही. रात्री-अपरात्री पहाऱ्यावर तिचा आवाज आठवायचा प्रयत्न करायचो, तर शब्द आठवायचे आणि आवाज निसटायचा. त्यामुळे पुढे टपरीच्या बाकावर फोन कानाला लावला की तो रोज नव्यानं मिळाल्यासारखा वाटायचा.

बँकेतून मी निवृत्त झालो. त्यानंतर दीड वर्षानं तिला कावीळ झाली. गावच्या डॉक्टरांनी साताऱ्याला पाठवलं, साताऱ्याहून मुलीनं मिरजेला नेलं. नऊ दिवस ती तिथे होती. शेवटचे चार दिवस ती बोलली नाही. एवढंच लिहितो.

घरी आल्यावर मुलीनं आईचा फोन चार्ज करून माझ्या हातात दिला. मुलगी म्हणाली, "आबा, खात्यावरनं आईचं नाव कमी करायला लागेल. आणि नंबर तुमचा लावून घ्या." मी बघतो म्हणालो. सांगलीला ती एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम करते, तिला असल्या कागदांची सवय आहे. दर फोनला ती विचारायची आणि मी दर वेळी बघतो म्हणायचो. त्या अर्जासोबत मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. तो दाखला मी एकदा घडी घालून पेटीत ठेवला होता. परत उघडायची माझी तयारी नव्हती.

मात्र दुपारी जेवण झालं की मी तिचे मेसेज ऐकायचो. रोज एक. दोन ऐकायचे नाहीत, असं ठरवलं होतं. माझ्या फोनवर ते होतेच, पण माझी समजूत अशी की तिचा नंबर बंद पडला की तिकडून आलेलं सगळं पुसलं जाणार. आमच्या गल्लीत एकानं नंबर बदलला होता, तेव्हा त्याचं जुनं काही उरलं नव्हतं. ते ऐकून मी धसका घेतला होता. मुलीला विचारलं असतं तर तिनं एका मिनिटात सांगितलं असतं की तसं नसतं. पण बाप असल्या गोष्टी लेकीला विचारत नाही.

त्या वर्षी गणपती नुकतेच गेले होते आणि सोयाबीन काढणीला आलं होतं. सकाळी दहाच्या सुमाराला रानातनं घरी आलो तर तिच्या फोनवर मेसेज होता. मराठीतच होता. प्रिय ग्राहक, आपल्या सिमची केवायसी अपूर्ण आहे, आज सायंकाळी सहा वाजता आपला नंबर कायमचा बंद होईल, त्वरित संपर्क करा. खाली दहा आकडी मोबाइल नंबर होता.

आता कुणीही म्हणेल, की बाबा रे, कंपनी कधी असल्या साध्या मोबाइलवरनं मेसेज पाठवते का? 'कायमचा' हा शब्दसुद्धा चुकीचा लिहिलेला होता, हे नंतर पोलिसांनी दाखवल्यावर मला दिसलं. बँकेच्या दारात मी पंधरा वर्षं उभा होतो. पेन्शनीला आलेल्या म्हाताऱ्या बायकांना मी सांगायचो, "मावशी, पिन नंबर कुणाला सांगू नका, मलासुद्धा सांगू नका." भिंतीवर लावलेली फसवणुकीची पत्रकं माझ्या हातानं चिकटवलेली होती. हे सगळं मला माहीत होतं. पण त्या सकाळी मी फक्त 'सहा वाजता' आणि 'बंद' एवढंच वाचलं. घरात उभा होतो तो ओसरीवर येऊन बसलो आणि तो नंबर लावला.

पलीकडे एक माणूस होता. आवाज तरुण, मराठी स्वच्छ, शहरी. "बोला बाबा," म्हणाला. मी सांगितलं, नंबर माझ्या बायकोचा आहे, ती नाही आता, पण नंबर बंद करू नका. तो म्हणाला, "वाईट झालं बाबा. काळजी करू नका, मी आहे ना. फोन ठेवू नका फक्त, लाइनवर राहा."

त्यानं एक लिंक पाठवली. ती दाबून एक ॲप घ्यायला सांगितलं. फोननं मधेच इशारा दिला की हे ॲप धोक्याचं असू शकतं. मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "सगळ्यांनाच येतं ते. खालचं बटण दाबा." दाबलं. मग म्हणाला, दहा रुपये फी आहे, कार्डानं भरायची. "दहाच रुपये बाबा, जास्त नाही." मी आत जाऊन कार्ड आणलं. पुढचा नंबर टाकला, तारीख टाकली, मागचे तीन आकडे टाकले. दहा रुपयांसाठी कोण फसवणार, असं मनात आलं. त्या दहा रुपयांचं कामच ते होतं, हे आता कळतं.

एवढ्यात फोनचा पडदा आपोआप हलला. माझं बोट लागलं नव्हतं. मेसेज यायचे आणि मी वाचायच्या आत नाहीसे व्हायचे. मला भीती वाटली. म्हटलं, "साहेब, हे काय होतंय?"

"प्रोसेस चालू आहे बाबा. आता हात लावू नका. बंद केलात तर सगळं जाईल."

मी विचारलं, "आवाज राहतील ना?"

"कुठले आवाज?"

"तिचे. मेसेज आहेत तिचे. बोललेले."

तो गप्प झाला. दोन-तीन सेकंद असतील. त्या गप्प राहण्याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. त्याला काही वाटलं असेल का, की नुसताच तो माझ्या घराची किल्ली हातात आल्यासारखा खूश झाला असेल? मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "राहतील बाबा. सगळे आवाज राहतील. तुम्ही फक्त पाच मिनिटं हात लावू नका."

मी फोन ओसरीच्या कट्ट्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत हात मांडीवर घेऊन बसलो. सीमेवर असताना रोजचा परवलीचा शब्द आम्हाला तोंडी मिळायचा. जो सांगू शकला नाही त्याला पुढे येऊ द्यायचं नाही, मग तो ओळखीचा का असेना. तसा पहारा दिलेला माणूस मी, आणि माझ्या डोळ्यांदेखत बँकेचे परवलीचे शब्द एकामागून एक येत होते आणि तो ते उचलून नेत होता. मी राखण करत बसलो होतो, पण राखत होतो ते दुसरंच.

पाच मिनिटांनी फोन कट झाला. परत लावला तर लागेना. तेव्हा मी मेसेजच्या यादीत गेलो. तीन मेसेज बँकेचे होते. तीन वेळा पैसे गेले होते. माझी पेन्शन आणि तिचं दुधाचं बिल मिळून जे साठलं होतं, त्यातलं खात्यात जवळजवळ काही राहिलं नव्हतं.

पहिली गोष्ट मी काय केली, तर तिचा एक मेसेज लावून बघितला. लागला. "आवं, ऐकताय न्हवं?" मग मुलीला फोन केला.

ती कामावर होती. मी नीट सांगू शकलो नाही, पण तिला दोन वाक्यांत कळलं. रडली नाही, रागावली नाही. म्हणाली, "आबा, ऐका. आईच्या फोनचं नेट बंद करा. नाही जमत? मग सरळ फोन बंद करा. आत्ता. झाला? आता माझ्याशी तुमच्या फोनवरनं बोला. कार्डाच्या मागं बँकेचा नंबर आहे, त्यावरच फोन करायचा, दुसऱ्या कुठल्या नंबरवर नाही. कार्ड बंद करा म्हणायचं. मी इकडनं सायबर तक्रारीच्या सरकारी नंबरावर लावते. आणि तुम्ही शाखेत जा. लगेच. जेवायला थांबू नका."

"पोरी, लाज वाटते गं तिथं जायला."

"लाजेला उद्या वेळ हाय, आबा. आज पळा." सांगलीला जाऊन तिची भाषा बदलली आहे, पण घाई झाली की ती आईसारखं बोलते.

शेजारच्या पोराच्या गाडीवर बसून मी रहिमतपूरला गेलो. माझ्या जागी लागलेला पहारेकरीही फौजीच. त्यानं मला नेहमीप्रमाणे कडक सलाम ठोकला. मी नुसता हात वर केला आणि आत गेलो. काउंटरवरच्या बाई मी असतानाच तिथे लागल्या होत्या. त्यांच्या पहिल्या दिवशी मी त्यांना कुलपाची किल्ली कशी फिरते ते दाखवलं होतं. मी सांगायला लागलो तसा त्यांचा हात कीबोर्डवर थांबला. "तुम्ही?" एवढंच म्हणाल्या. मग लगेच खाली बघून त्यांनी कामाला सुरुवात केली. खातं गोठवलं, अर्ज लिहून घेतला. अर्जात मला लिहावं लागलं की ओटीपी माझ्याच ताब्यातल्या फोनवर आले आणि ते ॲप मीच टाकलं. खाली सही केली. पंधरा वर्षं त्या दारातनं एक रुपया चुकीचा बाहेर गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली आणि आम्ही दोघं साताऱ्याला सायबर पोलिसांकडे गेलो. तिथे गणवेशातली एक तरुण बाई होती, माझ्या मुलीपेक्षा लहान. तिनं सगळं शांतपणे विचारलं. मी मधेच म्हणालो की माझी अक्कल कुठे गेली होती कळत नाही. ती म्हणाली, "काका, काल इथं एक प्राध्यापक बसले होते. परवा बँकेतलेच एक जण. ते लोक अक्कल बघत नाहीत. माणसाला कशाची भीती आहे, तेवढं शोधतात." मग तिनं विचारलं, "तुम्हाला कशाची भीती घातली?"

मी मुलीकडे बघितलं. तोपर्यंत मी तिला फक्त नंबर बंद होणार होता एवढंच सांगितलं होतं. आवाजाचं सांगितलं नव्हतं. त्या टेबलापुढे सांगावं लागलं. मुलगी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर तिनं माझा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा.

पोलीसबाईंनी आणखी एक सांगितलं होतं. तक्रार पहिल्या तासात झाली म्हणून काही रक्कम पुढच्या एका खात्यात अडकली आहे, ती मिळेल, वेळ लागेल. बाकीची पुढे निघून गेली. आणि बायकोचा फोन पूर्ण पुसून टाकावा लागेल. ते ॲप काढलं तरी आत काही राहिलं असेल, सांगता येत नाही. "हवं ते आधी काढून घ्या," ती म्हणाली, "पण नेट चालू न करता. फक्त आवाजाच्या फाइली घ्या, बाकी काही घेऊ नका."

घरी येऊन मुलीनं लॅपटॉप काढला. ओसरीवर चटई टाकली. फोनला वायर जोडली आणि एकेक करून तिनं आवाज काढायला सुरुवात केली. मला पाठवलेले मेसेज माझ्या फोनवर होतेच, ते नंबर बंद झाल्यानं कुठेच जात नाहीत, हे तिनं मला तेव्हा समजावलं. मी नुसती मान हलवली. पण बायकोच्या फोनमध्ये दुसरेही होते. आष्ट्याच्या तिच्या थोरल्या बहिणीला पाठवलेले. ते मी अडीच वर्षांत कधी ऐकले नव्हते. दुसऱ्याचं पत्र फोडल्यासारखं वाटायचं.

"ऐकूया का?" मुलीनं विचारलं.

दुपार होती. मी म्हणालो, "लाव."

पहिल्या दोन-तीनांत लोणचं, कुणाचं बाळंतपण, आष्ट्याच्या बाजारातली वांगी. ती ताईशी वेगळंच बोलायची. भरभर, मधे हसत. आमच्या घरात मी तिला असं हसताना फार ऐकलं नव्हतं, किंवा मी असलो की ती असं हसत नसेल.

मग एक लागला. "ताई, आज काय झालं सांगू? एकाचा फोन आलता. तुमचं एटीएम कार्ड बंद पडलंय म्हणं, मागचा नंबर सांगा. मी म्हटलं, कुठल्या बँकंतनं बोलताय? तर आमच्याच बँकेचं नाव घेतलं की त्यानं. मी म्हटलं, मग तुमी असं करा, भाईर दारात जावा, तिथं बंदूक घिऊन एक माणूस हुबा हाय, त्येचा माझ्याशी फोन जोडून द्या. ठेवला की गं त्यानं!" आणि पुढे इतकं हसणं की तिला ठसका लागला.

मुलगी हसता हसता रडायला लागली. मीही हसलो. पुष्कळ दिवसांनी पोटातनं हसलो. तिला ओळखता आलं होतं ते. कसल्या पत्रकाशिवाय, कुणी शिकवल्याशिवाय. दारात कोण उभं आहे, हे तिला माहीत होतं, एवढंच. माझ्या वेळी दारात कुणी नव्हतं. किंवा लेक होती, सांगलीला, आणि मी तिला फोन केला नाही. फोन करून नुसतं "पोरी, असा मेसेज आलाय, बघ जरा" म्हणायला काही लागत नव्हतं.

त्यानंतरचा मेसेज मी निवृत्त झाल्यानंतरचा होता. आवाज हळू होता, गोठ्यातनं बोलत असावी. "ताई, ह्यांना सांगू नगंस. हे घरी आले, लय बरं वाटतंय. पण एक हाय बघ. आता दिवसभर समोरच असत्यात, मग मी मेसेज कुणाला करू? दुपारची येळ झाली की हात फोनकडं जातो. समोरच्या माणसाला काय सांगायचं, त्याला सगळं दिसतंयच की."

मुलीनं माझ्याकडे बघितलं नाही. वायर नीट आहे का ते बघत राहिली. मी उठून परड्यात गेलो. गोठ्यात आता म्हशी नाहीत, नुसती दावण आहे. तिथे उभा राहिलो. मला आठवायला लागलं, त्या दीड वर्षात दुपारी आम्ही काय करायचो. ती ओसरीवर बसायची आणि मी तिथेच आडवा व्हायचो. मला वाटायचं, इतकी वर्षं लांब राहिलो, आता एकाच ओसरीवर आहोत, आणखी काय बोलायचं? आणि ती तिथे बसून मी लांब असण्याची वाट बघत होती, मला काहीतरी सांगता यावं म्हणून. तिथल्या तिथे म्हणाली असती तर मी बांधावर जाऊन बसलो असतो. रोज दुपारी. नक्की गेलो असतो.

पुढच्या आठवड्यात पेटीतनं दाखला काढला. खात्यावरनं तिचं नाव कमी केलं आणि माझा नंबर लावला. बाईंनी स्वतः अर्ज भरून दिला. खात्यातनं एका दिवसात किती पैसे निघू शकतील याची मर्यादा अगदी खाली आणून ठेवली. यापुढे साठेल ते वेगळ्या ठेवीत टाकायचं ठरवलं, तिला कार्डच नाही. मुलीनं माझ्या फोनवर एक नियम लावून दिला, फोनचा नव्हे, आमच्या दोघांचा: पैशांचा, नंबरचा, कार्डाचा कुठलाही मेसेज आला की काही दाबायच्या आधी तिला फोन. ती कामात असली तर थांबायचं. कुणी कितीही घाई केली तरी थांबायचं. "घाई करतोय, तोच चोर," असं ती म्हणते. मला ते पुरतं.

बायकोचा नंबर मी साताऱ्याला जाऊन रीतसर बंद केला. कंपनीच्या दुकानात एक मुलगी होती. तिनं कारण विचारलं, दाखला बघितला आणि सिम कात्रीनं कापलं. दोन मिनिटांचं काम. इतके दिवस ज्याला घाबरलो ते दोन मिनिटांचं निघालं. बाहेर येऊन मी माझ्या फोनवरचा एक मेसेज लावला. तो होता. पण त्या दिवशी ऐकवेना, मधेच थांबवला.

अडकलेली रक्कम सात-आठ महिन्यांनी परत आली. पाव भागही नाही. बाकीची गेली ती गेली. मला तिचं दुधाचं बिल गेल्याचं जास्त लागलं. पहाटे उठून काढलेल्या धारा होत्या त्या.

नोव्हेंबरात पेन्शनर लोक हयातीचा दाखला द्यायला शाखेत येतात. त्या गर्दीत बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "पत्रक कुणी वाचत नाही. तुम्ही सांगा." मला वाटलं होतं जमणार नाही. खुर्च्यांवर तीस-चाळीस म्हातारी माणसं बसलेली, निम्मे फौजी, बऱ्याच विधवा बायका. मी उभा राहिलो आणि जसं झालं तसं सांगितलं. मेसेज कसा आला, ॲप कसं टाकलं, दहा रुपये कसे भरले, पडदा कसा हलला. आवाजाचं सांगायचं नाही, असं ठरवून आलो होतो.

संपल्यावर मागच्या रांगेतला एक जण उठला. माझ्याच वयाचा, डोक्याला फेटा, काठी. म्हणाला, "समदं कळलं. पण तुमी बँकेतला माणूस. त्या नंबराला फोन केलाच का, ते न्हाई सांगितलं."

मी बाईंकडे बघितलं, त्या कागदांत बघत होत्या. मी म्हणालो, "बायकोचा फोन होता. ती गेलीय. तिचे आवाज जातील असं वाटलं."

तो काठीवाला खाली बसला. जरा वेळानं शेजारच्या माणसाला म्हणाला, "मी बी केला असता गड्या."

सगळे पांगल्यावर तो दारात माझी वाट बघत उभा होता. कोरेगावकडच्या गावचा, त्याची एसटी पाऊण तासानं होती. आम्ही मागच्या टपरीवर गेलो. टपरी आता जुन्या टपरीवाल्याचा मुलगा चालवतो. चहा आल्यावर त्यानं विचारलं, "काय बोलायच्या हो त्या? मेसेजवर?"

मी सांगितलं. पेंडीचं पोतं, हाड हाड, भांड्यांचे आवाज, अजून चालूच हाय. तो ऐकत होता. मग म्हणाला, "आमची मेसेज करत न्हवती. फोन घ्यायचीच न्हाई हातात. ओरडायची नुसती, बांधावरनं. तीन शेतं पलीकडं ऐकू जायचं." आणि तो हसला. मग कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, "ते कुठं ठिवता येतंय?"

एसटी आली तेव्हा तो अजून तिचं ओरडणं सांगत होता. मी त्याला एसटीच्या दारापर्यंत पोचवलं. चढताना तो म्हणाला, "फुडल्या नोव्हेंबरला येतो. हयात असलो तर." मी म्हणालो, "या, मी इथंच आहे."